भजीचा कागद आणि अदृश्य माणूस

गरम भजी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घरी आणली की पुडीच्या तळाशी तेलाचा डाग उमटलेला असतो. तेवढ्यापुरता कागद अर्धा पारदर्शक झालेला असतो. दिव्यासमोर धरला तर पलीकडची बोटे दिसतात. कागद म्हणजे तंतूंचे जाळे आणि त्यातल्या फटींत हवा. तंतूतून हवेत आणि हवेतून पुन्हा तंतूत शिरताना प्रकाश दर वेळी थोडा वळतो, थोडा मागे परततो. असे असंख्य वेळा झाले की कागद अपारदर्शक आणि पांढरा दिसतो. तेल त्या फटी भरून काढते. तेलातून तंतूत जाताना प्रकाशाला फारसे वळावे लागत नाही, आणि तो पार निघून जातो.

एच. जी. वेल्स यांच्या ‘द इनव्हिजिबल मॅन’चा सारा डोलारा या तेलकट डागावर उभा आहे. ही कादंबरी १८९७ साली ‘पिअर्सन्स वीकली’ या साप्ताहिकात क्रमशः छापून आली. तिच्यातला ग्रिफिन वैद्यक सोडून भौतिकशास्त्राकडे वळलेला आहे. डॉ. केम्प या जुन्या सहाध्यायाला तो समजावतो, की कागदाचे तंतू मुळात पारदर्शकच असतात, तेल लावले की ते कळते. काच कुटली की पांढरी भुकटी होते, आणि ती पाण्यात टाकली की दिसेनाशी होते. रक्ताचा तांबडा आणि केसांचा काळा रंग सोडला, तर माणसाचे शरीरही अशाच पारदर्शक द्रव्याचे बनलेले आहे. मग त्याचा अपवर्तनांक हवेइतका खाली आणला तर? (अपवर्तनांक म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याचे माप. जे शाळेत ‘वक्रीभवनांक’ शिकले त्यांनी इथे तोच शब्द घ्यावा.) पाण्याचा अपवर्तनांक १.३३, साध्या काचेचा १.५ च्या आसपास, हवेचा जवळजवळ १. या आकड्यांत फरक असतो म्हणून एका पदार्थाची कड दुसऱ्यात दिसते. फरकच उरला नाही तर कडही उरत नाही.

अदृश्य होण्याची हौस मात्र वेल्सपेक्षा कितीतरी जुनी आहे. इंद्रजित ढगाआड राहून लढला. पतंजलीच्या योगसूत्रांत अंतर्धानाची सिद्धी आहे, आणि डोळा व प्रकाश यांचा संबंध तुटण्याशी तिचा संबंध जोडला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले चौदावे अधिकरण तर कोणत्याही भयकथेला मागे टाकील. शस्त्राने मारल्या गेलेल्या किंवा सुळी दिलेल्या माणसाच्या कवटीत माती भरून तीत पुष्य नक्षत्रावर जव पेरावेत, त्यांना मेंढीच्या दुधाचे शिंपण करावे, आणि उगवलेल्या अंकुरांची माळ घालून हिंडावे, म्हणजे माणसाचे रूप आणि सावली दोन्ही नाहीशी होतात, असे तिथे सांगितले आहे. कृती भयंकर आहे आणि निष्फळही. पण कौटिल्याला सावलीची आठवण राहिली, हे विसरता येत नाही. पुढच्या दोन हजार वर्षांत अदृश्य माणसे लिहिणारे कितीतरी लेखक तिथेच अडखळले.

कृती होती, कारण नव्हते. कारण विचारणाऱ्या पहिल्या कथांपैकी एक १८५९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ‘हार्पर्स’ मासिकात आली. लेखक होता फिट्झ-जेम्स ओब्रायन, आयर्लंडहून अमेरिकेत आलेला एक तरुण. कथेचे नाव ‘व्हॉट वॉज इट?’. न्यूयॉर्कमधल्या एका भाड्याच्या घरात निवेदक अंधारात पलंगावर पडलेला असताना छतावरून काहीतरी त्याच्या छातीवर कोसळते आणि त्याचा गळा आवळू लागते. झटापट होते. तो त्या प्राण्याला दाबून धरतो आणि दिवा मोठा करतो. हातात तर काहीच दिसत नाही! अंग उष्ण लागते, श्वास जाणवतो, हृदयाची धडधड हाताला कळते. डोळ्याला मात्र रिकामी हवा. दोरखंडाने बांधल्यावर दोर तेवढे हवेत ताणलेले दिसतात, आणि पलंगाची गादी वजनाने दबलेली.

इथपर्यंत ही चांगली भुताची गोष्ट आहे. पुढे ओब्रायन जे करतो ते त्याच्या आधी फार कमी जणांनी केले होते. निवेदकाचा मित्र डॉ. हॅमंड भुताखेताचे नाव काढत नाही. तो काचेचे उदाहरण देतो: काच हाताला लागते, तरी प्रकाश तिच्यातून जातो, पुरेशी शुद्ध काच बनवता आली तर ती दिसणारच नाही. मग दोघे प्राण्याला क्लोरोफॉर्म देववतात आणि प्लास्टरमध्ये त्याचा साचा काढून त्याचे रूप पाहतात. शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात होऊन तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती. वर्तमानपत्रातली ताजी बातमी उचलून तिने भुताला बांधायचे, ही ओब्रायनची करामत. तीन वर्षांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी होऊन तो मरण पावला.

विज्ञानाचा इतिहास लिहिणारे शोधनिबंध वाचतात, प्रयोगवह्या वाचतात, पत्रे वाचतात. भयकथा सहसा वाचत नाहीत, आणि हे चुकते. एखादा शोध लागल्यावर सामान्य वाचकाला त्यातले काय कळले, कशाची भीती वाटली, कशाची आशा वाटली, हे शोधनिबंधात सापडत नाही. ते त्या वर्षीच्या मासिकांतल्या कथांत सापडते.

प्रकाशाचीच गोष्ट घ्या. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापक ठेवला, आणि पारा चढला. पुढच्याच वर्षी येना इथे योहान रिटर यांना दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडे, चांदीचा क्षार काळवंडताना दिसला. डोळ्याला दिसतो तो प्रकाशाचा एक पट्टा, आणि दोन्हीकडे अंधार वाटतो तिथेही काहीतरी आहे, हे त्या दोन वर्षांत सिद्ध झाले. अँब्रोज बिअर्स या अमेरिकी लेखकाने १८९३ साली त्यातून ‘द डॅम्ड थिंग’ उभी केली. रानात वाढलेले ओटचे गवत वारा नसताना वाकते, कुणीतरी चालत गेल्यासारखी वाट पडते, आणि मग एक माणूस न दिसणाऱ्या कशाशीतरी झुंजत मरतो. त्याच्या डायरीत तर्क लिहिलेला असतो: आपल्या कानाला ऐकू न येणारे स्वर असतात, तसे डोळ्याला न दिसणारे रंगही असतात, आणि हा प्राणी त्या रंगाचा आहे. ओब्रायनचा प्राणी काचेसारखा होता, बिअर्सचा रिटरच्या किरणांसारखा. दोघांमध्ये चौतीस वर्षांचे भौतिकशास्त्र मुरले आहे.

तर्क सुंदर असला तरी फसवा आहे. रंग डोळ्याला दिसला नाही म्हणून वस्तू दिसेनाशी होत नाही, ती काळी दिसते. मागचे गवत तिच्यामुळे झाकलेच जाते. जॅक लंडन यांनी १९०३ साली ‘द शॅडो अँड द फ्लॅश’मध्ये नेमके हे हेरले. दोन हट्टी प्रतिस्पर्धी अदृश्य होतात, एक पूर्ण काळा होऊन, दुसरा पूर्ण पारदर्शक होऊन. काळ्याची सावली लपत नाही आणि पारदर्शकाच्या कडांवर इंद्रधनुष्यी चमक उठते. कौटिल्याची सावली इथे परत आली.

दरम्यान ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्त्सबर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. पत्नीच्या हाताची हाडे आणि बोटातली अंगठी दाखवणारे त्यांचे छायाचित्र पुढच्या जानेवारीत जगभर पोहोचले. जिवंत माणसाचे मांस पारदर्शक होऊ शकते, हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यानंतर दीड वर्षात आलेल्या वेल्सच्या कादंबरीवर वाचकांनी विश्वास ठेवला यात नवल नाही.

आता या गोष्टीतला भौतिकशास्त्रज्ञ. रॉबर्ट विल्यम्स वूड, जन्म १८६८, कॉन्कर्ड, मॅसॅच्युसेट्स. १९०१ पासून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्याआधी विस्कॉन्सिनमध्ये असताना थंडीत गोठलेले नळ विजेचा प्रवाह सोडून वितळवण्याची युक्ती त्यांनी काढली होती. लाँग आयलंडवरच्या त्यांच्या उन्हाळी प्रयोगशाळेत वर्णपटलेखकाची लांबच लांब नळी होती, आणि तिच्यातली कोळिष्टके काढायला ते घरचे मांजर आत सोडत, असे सांगतात. अतिनील आणि अवरक्त प्रकाशात छायाचित्रे काढणाऱ्या आद्यांपैकी ते एक. त्वचारोगतज्ज्ञ बुरशीचा संसर्ग तपासायला जांभळट उजेडाचा ‘वूड्स लॅम्प’ वापरतात, तो याच वूड यांच्या नावाचा.

१९०२ साली त्यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये पारदर्शक वस्तूंच्या अदृश्यतेवर एक छोटा लेख लिहिला. आपल्याला काच दिसते ती तिच्यातून मागचे दृश्य वाकडे दिसते आणि तिच्यावर आजूबाजूचा उजेड-अंधार चमकतो म्हणून. मग सगळीकडून अगदी सारखाच उजेड येत असेल तर? वूड यांनी एक पोकळ गोल घेतला, आतून अंधारात चमकणारा रंग लावला, आणि छोट्या भोकातून आत पाहिले. आत ठेवलेले पैलूदार काचेचे बूच दिसेनासे झाले. उरला एकसारखा निळा उजेड. अपवर्तनांकाला हात न लावता वस्तू नाहीशी झाली होती. ग्रिफिनला हा मार्ग सुचला नव्हता.

दोनच वर्षांनी या माणसावर उलटे काम येऊन पडले: नसलेली गोष्ट दिसते म्हणणाऱ्यांची तपासणी. १९०३ साली फ्रान्समधल्या नॅन्सी विद्यापीठाचे मान्यवर भौतिकशास्त्रज्ञ रने ब्लाँदलो यांनी नवे किरण सापडल्याचे जाहीर केले आणि आपल्या गावावरून त्यांना ‘एन-किरण’ नाव दिले. हे किरण पडले की मंद ठिणगी किंवा चमकणाऱ्या रंगाचा ठिपका किंचित उजळतो, असे ते म्हणत. ते पाहायचे अंधाऱ्या खोलीत, नुसत्या डोळ्यांनी. शोधनिबंधांचा पूर लोटला. माणसाच्या मज्जातंतूंतून आणि स्नायूंतूनही एन-किरण निघतात, असे ओग्युस्तँ शार्पांतिये यांना आढळले. इतर देशांत मात्र अनेकांना काहीच दिसेना.

सप्टेंबर १९०४ मध्ये वूड नॅन्सीला गेले. ब्लाँदलो यांच्या मांडणीत ॲल्युमिनियमचा लोलक एन-किरणांचा वर्णपट पाडत असे, आणि कोणता किरण कुठे पडला याची मापे ते मिलिमीटरच्या अंशापर्यंत वाचून दाखवत. अंधारात वूड यांनी हळूच तो लोलक काढून घेतला. मापे पूर्वीसारखीच वाचली जात राहिली. २९ सप्टेंबरच्या ‘नेचर’मध्ये वूड यांचे पत्र आले. त्यात ना ब्लाँदलो यांचे नाव होते, ना गावाचे, गरजही नव्हती. फ्रान्सबाहेर एन-किरण संपले, आणि फ्रान्समध्येही हळूहळू.

ब्लाँदलो लबाड नव्हते. अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास डोळे ताणले की जे दिसावे असे वाटते ते दिसू लागते. राँटगेन यांचे किरण, बेकरेल यांचे किरण, क्युरी दांपत्याचे रेडियम, सगळे मागच्या आठ वर्षांत आले होते. आणखी एक किरण अगदी शक्य वाटत होता. बिअर्सच्या कथेतला मृत माणूस आणि नॅन्सीचा प्राध्यापक एकाच दशकाच्या हवेत श्वास घेत होते. वूड यांना ती हवा ओळखू आली, आणि ती ओळखणारा माणूस स्वतः अद्भुतकथा लिहिणाऱ्यांपैकी निघावा हा मला योगायोग वाटत नाही. शक्य काय आणि हवेसे काय, यातली रेघ ज्याला गोष्टीत सांभाळावी लागते, त्याला ती प्रयोगशाळेतही दिसते.

कारण दहा वर्षांनी वूड यांनी कादंबरीच लिहिली. वकील-लेखक आर्थर ट्रेन यांच्याबरोबर लिहिलेली ‘द मॅन हू रॉक्ड द अर्थ’ १९१४ च्या अखेरीस ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये क्रमशः आली. युरोपात महायुद्ध पेटलेले आहे. ‘पॅक्स’ नावाने संदेश पाठवणारा एक अज्ञात शास्त्रज्ञ राष्ट्रांना युद्ध थांबवायला बजावतो, आणि ऐकले नाही तर पृथ्वीचा आस हलवून दाखवतो. त्याचे उडते यान आणि त्याचा संहारक किरण अणूच्या विघटनातून शक्ती घेतात, आणि किरणाच्या तडाख्यातून वाचलेल्या माणसांची शरीरे नंतर आतून जळत जातात. हे छापले गेले हिरोशिमाच्या तीस वर्षे आधी. त्याच १९१४ साली वेल्स यांच्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’मध्ये अणुबाँब आले होते, लिओ झिलार्ड यांनी ते पुस्तक १९३२ साली वाचले आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्यांना साखळी अभिक्रियेची कल्पना सुचली. वूड यांचे चरित्र १९४१ साली लिहिले विल्यम सीब्रुक यांनी. हैतीवरच्या पुस्तकातून ‘झाँबी’ हा शब्द अमेरिकेत घरोघरी पोहोचवणारे सीब्रुक ते हेच.

मराठी वाचकाला गोष्टी लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांची ही जात ओळखीची आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की ज. वि. ना. निघतात, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून जयंत नारळीकरांनी कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ लिहिली होती. १०५४ सालच्या अतिनवताऱ्याची नोंद जुन्या भारतीय ग्रंथांत मिळते का, हे सरोजा भाटे यांच्यासह शोधणारेही नारळीकरच. ठोस नोंद हाती लागली नाही, आणि तसे त्यांनी सांगितले. ‘कृष्णविवर’ आली त्याच सुमारास नारायण धारप लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग यांच्या कल्पना मराठी वाड्यांत आणून वाचकांची झोप उडवत होते. विज्ञानकथा आणि भयकथा यांची कपाटे आपण वेगळी ठेवतो. ओब्रायनच्या काळी त्यांच्यात भिंत नव्हती.

वेल्सच्या ग्रिफिनकडे परत येऊ. कादंबरीची खरी ताकद युक्तिवादात नाही, त्याच्या परिणामांत आहे. ग्रिफिन लंडनमध्ये ऐन जानेवारीत उघडा हिंडतो, कारण कपडे अदृश्य नाहीत. खाल्लेले अन्न पचेपर्यंत पोटात दिसते. बर्फ अंगावर साचते, धुक्यात आकार उमटतो, पायांना चिखल लागतो. एकच मोठी भेग रशियन लेखक याकोव्ह पेरेलमान यांनी दाखवली. त्यांचे ‘मनोरंजक भौतिकी’ १९१३ चे. त्याच्या मॉस्कोत छापलेल्या स्वस्त आवृत्त्या आपल्याकडे पुष्कळ घरांत होत्या. डोळ्याचे भिंग प्रकाश वळवते म्हणून दृष्टिपटलावर चित्र उमटते. अपवर्तनांक हवेइतका झाला तर भिंग प्रकाश वळवणार कसे? आणि पारदर्शक दृष्टिपटल तो टिपणार कसे? अदृश्य माणूस ठार आंधळा असेल.

माणसाला हवेइतके विरळ करता येत नाही, पण भोवतालचे द्रव्य त्याच्या जोडीला आणता येते. जर्मन शरीररचनातज्ज्ञ व्हेर्नर श्पाल्टेहोल्त्स यांनी मृत अवयवांतले पाणी काढून त्यांच्यात मेथिल सॅलिसिलेटसारखी तेले मुरवली, आणि हृदय, हात काचेसारखे झाले. आतल्या रक्तवाहिन्या तेवढ्या उरल्या. १९११ साली ड्रेस्डेनच्या आरोग्य प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. मेथिल सॅलिसिलेटचा वास आपल्या ओळखीचा आहे, पाठदुखीवरच्या मलमाचा. हे म्हणजे भजीच्या कागदाचेच तंत्र.

दुसरा रस्ता कलकत्त्याहून निघतो. जगदीशचंद्र बोस यांनीही १८९६ साली बंगालीत एक अद्भुतकथा लिहिली होती. तिच्यात केसांना लावायच्या तेलाची एक बाटली वादळ शमवते, आणि बक्षीस होते एका केशतेलवाल्याचे. त्यांचा संशोधनाचा विषय होता न दिसणारा प्रकाश, म्हणजे विद्युतलहरी. १८९८ साली त्यांनी ताग पिळून त्याच्या जुड्या लहरींच्या वाटेत ठेवल्या, आणि लहरींच्या कंपनाची दिशा फिरली. ताग तोच, फरक पिळाचा. पदार्थ कशाचा आहे यापेक्षा त्याची घडण कशी आहे यावरून तो लहरींशी वागतो, हे त्या पिळाने दाखवले. १०८ वर्षांनी, २००६ साली, लंडनचे जॉन पेंड्री यांनी लहरींना एखाद्या वस्तूभोवतून वळवून नेण्याचे गणित मांडले, आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेव्हिड शुरिग आणि डेव्हिड स्मिथ यांनी तांब्याच्या बारीक आकृत्या कोरलेली एकात एक दहा कडी बसवून सूक्ष्मलहरींसाठी एक तांब्याचे नळकांडे बऱ्याच अंशी लपवले. नदीतल्या दगडाला वळसा घालून पाणी पुढे मिळावे, तशा लहरी पुढे मिळाल्या. डोळ्याला मात्र ते नळकांडे लख्ख दिसत होते.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ मासिकात आलेल्या निबंधाने वेल्सची कल्पना उलटी करून वापरली. कातडी अपारदर्शक असते ती तिच्यातले पाणी (१.३३) आणि मेद (१.४५ च्या आसपास) यांच्या फरकामुळे. ग्रिफिनने सगळेच खाली आणायचे ठरवले होते. स्टॅनफर्डच्या गटाने पाणी वर चढवले. टार्ट्राझिन हा पिवळा रंग निळा प्रकाश इतका शोषतो, की त्यामुळे तांबड्या प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक वाढतो. हा हिशेब १९२० च्या दशकातल्या क्रामर्स आणि क्रोनिग यांच्या समीकरणांचा. भारतात मिठाईत घालायला परवानगी असलेल्या रंगांच्या यादीत टार्ट्राझिन आहे. त्याचे द्रावण जिवंत उंदरांच्या पोटाला चोळले, आणि काही मिनिटांत नारिंगी झाक आलेल्या कातडीतून यकृत आणि आतडी हलताना दिसू लागली.

वेल्सच्या कादंबरीत ग्रिफिन पुन्हा दिसू लागतो तो मेल्यावर. उंदरांची कातडी पाण्याने धुतल्यावर होती तशी झाली.